दोन शर्करा आणि एक रेषा

१९४० सालचा डिसेंबर. पॅरिस शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात जाऊन सहा महिने झाले होते. ब्रेड शिधापत्रिकेवर मिळत होता, कोळशाची टंचाई होती, आणि बहुतेक घरांत पुढच्या आठवड्याचे अन्न कोठून आणावयाचे हाच विषय बोलण्यात असे. अशा त्या नगरीत, सॉरबॉन विद्यापीठाच्या एका जुनाट प्रयोगशाळेत, झाक मोनो नावाचे तीस वर्षांचे संशोधक सूक्ष्मजंतूंना निरनिराळ्या शर्करा खाऊ घालून त्यांची वाढ मोजत होते. प्रयोगशाळेचे दार पेंढा भरलेल्या माकडांच्या एका दालनात उघडत असे, असे मोनो यांनीच पुढे सांगितले आहे. ऑगस्टमध्ये ते सैन्यातून मोकळे झाले होते. देशाच्या पराभवाचे दुःख विसरण्यासाठी म्हणा किंवा दुसरे काही सुचत नव्हते म्हणून म्हणा, त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले होते.

काम दिसावयास साधे होते. आपल्या आतड्यांत वास करणारा 'ई. कोलाय' नावाचा एक जंतू आहे. म्युनिकचे बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिच यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो प्रथम पाहिला. थोडे क्षार आणि एखादी शर्करा घातलेल्या पाण्यात हे जंतू सोडले की ते वाढू लागतात, पाणी गढूळ होत जाते, आणि तो गढूळपणा ठरावीक वेळाने मोजला की वाढीचा आलेख काढता येतो. शर्करा संपली की वाढ थांबते. एका शर्करेवर काढलेली रेषा प्रथम वर चढते आणि मग आडवी होते. यात नवल काहीच नव्हते.

मोनो यांनी एकाच पात्रात दोन शर्करा एकत्र घालून पाहिल्या. काही जोड्यांच्या बाबतीत रेषा पूर्वीसारखीच निघाली. पण द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, आणि दुधातील दुग्धशर्करा अशी जोडी घेतली तेव्हा मात्र रेषेने चमत्कारिक रूप धारण केले. ती चढली, मध्येच आडवी झाली, काही वेळ तशीच राहिली, आणि मग पुन्हा चढू लागली. जणू एका वाढीच्या डोक्यावर दुसरी वाढ बसविली होती. दोन्ही शर्करांचे प्रमाण बदलले की मधला थांबा त्या हिशेबाने अलीकडे किंवा पलीकडे सरकत असे. याचा अर्थ उघड होता. जंतू प्रथम एकच शर्करा खात होते, दुसरी समोर असूनही तिला शिवत नव्हते. पहिली संपल्यावर काही काळ उपाशी राहत होते, आणि नंतर दुसरीकडे वळत होते. मोनो यांनी या प्रकाराला ग्रीक धातूवरून एक नाव दिले. मराठीत आपण त्याला द्विवृद्धी म्हणू.

हा आलेख घेऊन ते पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ यांच्याकडे गेले. ल्वॉफ वयाने आठ वर्षांनी वडील, आणि सूक्ष्मजीवांच्या पोषणाचे मोठे जाणकार. त्यांनी रेषा पाहिली आणि हा एंझाइमांच्या अनुकूलनाचा प्रकार असावा, असे मत दिले. त्यावर, हे अनुकूलन म्हणजे काय, असे मोनो यांनी विचारले. पुढे ज्या विषयाने त्यांची उभी हयात व्यापली, त्याचे नावही त्या दिवसापर्यंत त्यांनी ऐकलेले नव्हते.

वस्तुतः ही गोष्ट तशी नवी नव्हती. पाश्चर यांचे शिष्य एमिल द्युक्लो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले होते की, बुरशी कोणते एंझाइम तयार करते हे तिला कोणते अन्न दिले आहे यावर अवलंबून असते. एंझाइम म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. दुग्धशर्करेचे दोन तुकडे करावयाचे तर त्यासाठी एक विशिष्ट एंझाइम लागते. फिनलंडचे कार्स्ट्रॉम यांनी १९३० नंतरच्या काळात एंझाइमांचे दोन वर्ग पाडले: काही पेशीत सदैव असतात, काही केवळ त्यांचे भक्ष्य समोर आल्यावरच उपजतात. हे वर्गीकरण ठीक होते. परंतु नाव दिल्याने कारण कळत नाही.

आणि कारणाच्या ठिकाणीच जीवशास्त्रातील एक जुना वाद दबा धरून बसलेला होता. भक्ष्य समोर आले आणि त्याला पचविणारे साधन पेशीत उत्पन्न झाले, याचा अर्थ काय घ्यावयाचा? परिस्थितीने जीवाला नवे काही शिकविले, असा? की ते त्याच्यापाशी मूळचेच होते? आपल्या घरातलाच दाखला द्यावयाचा तर, पुरणयंत्र माळ्यावर ठेवलेलेच असते आणि पुरणाचा बेत ठरला की ते खाली काढले जाते, की पुरण शिजू लागले म्हणजे त्याच्या वाफेनेच यंत्र घडत जाते? दुसरा पर्याय हास्यास्पद वाटेल. पण त्या काळी अनेक विद्वान गंभीरपणे असे मानीत की, पेशीत एक अर्धवट, बिनआकाराचे प्रथिन असते आणि भक्ष्याचा रेणू त्याला आपल्या साच्याप्रमाणे आकार देतो. ऑक्सफर्डचे सिरिल हिन्शेलवुड यांच्यासारखा थोर रसायनशास्त्रज्ञ, ज्यांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तोही जंतूंच्या 'सरावा'ची भाषा बोलत होता. शिवाय फ्रान्स ही लामार्कची भूमी. सॉरबॉनपासून फार दूर नसलेल्या वनस्पती-उद्यानात त्या वृद्ध तत्त्ववेत्त्याचा पुतळा १९०९ पासून उभा आहे, आणि परिस्थिती जीवाला घडविते व ते घडणे वंशात उतरते, ही त्याची शिकवण फ्रेंच विद्यापीठांतून तेव्हा पुरती ओसरलेली नव्हती.

मोनो यांना १९४१ साली डॉक्टरेट मिळाली. या कामात सॉरबॉनला काडीचाही रस नाही, असा अभिप्राय एका परीक्षकाने खाजगीत व्यक्त केल्याची आठवण ल्वॉफ यांनी नोंदविली आहे. परीक्षकांविषयी अशा गोष्टी सर्व देशांत सांगितल्या जातात; ही मात्र बहुधा खरी असावी.

युद्धाने या कामात खंड पाडला असे म्हणवत नाही, कारण मोनो दोन्ही आघाड्यांवर वावरत राहिले. त्यांच्या पत्नी ओदेत या पौर्वात्य कलेच्या अभ्यासक होत्या. गिमे संग्रहालयातील आपल्याकडील मूर्तिशिल्पांशी त्यांचा परिचय होता. त्या ज्यू कुटुंबातील असल्याने घरावर सतत धोक्याची छाया असे. मोनो गुप्त प्रतिकार-चळवळीत शिरले आणि १९४४ पर्यंत तिच्या राष्ट्रीय सेनाकार्यालयात वरच्या पदावर पोहोचले. प्रयोगशाळेबाहेर जिराफाचा सांगाडा होता, त्याच्या पोकळ हाडांत ते गुप्त कागद दडवीत, असे सांगतात. सॉरबॉनमध्ये पाऊल टाकणे जेव्हा धोक्याचे झाले, तेव्हा ल्वॉफ यांनी त्यांना पाश्चर संस्थेत आपल्या माडीवरच्या प्रयोगशाळेत जागा दिली. त्याच संस्थेत जंतुभक्षक विषाणूंवर काम करणारे यूजीन आणि एलिझाबेथ व्होलमान हे दांपत्य होते. १९४३ च्या डिसेंबरात त्यांना पकडून ऑश्विट्झला पाठविण्यात आले. ते परत आले नाहीत. त्यांचे पुत्र एली व्होलमान याच कथेत पुढे आपल्याला भेटणार आहेत.

फ्रान्सच्या मुक्ततेनंतर मोनो सैन्यात अधिकारी होते. अमेरिकन सैन्याच्या एका फिरत्या ग्रंथालयात त्यांच्या हाती लूरिया आणि डेलब्रुक यांचा १९४३ सालचा निबंध पडला. जंतूंतील आनुवंशिक बदल परिस्थितीच्या मागणीनुसार होत नाहीत, ते आधीच, आपोआप आणि विरळा घडलेले असतात, आणि परिस्थिती त्यांची केवळ निवड करते, हे त्या दोघांनी गणिताने सिद्ध केले होते. मोनो यांना वाट सापडली. १९४६ साली त्यांनी अलिस ओदुरो यांच्या सहकार्याने दुग्धशर्करा मुळीच पचवू न शकणाऱ्या जंतूंच्या वंशात ती पचविणारे जंतू कसे उपजतात, हे तपासले. तेथे दोन वेगळ्या गोष्टी स्पष्ट झाल्या. दुग्धशर्करा पचविण्याची क्षमता असणे वा नसणे हे जनुकांवर अवलंबून. आणि असलेली क्षमता केव्हा वापरावयाची हे अन्नावर अवलंबून. एक वारसा, दुसरा व्यवहार. या दोहोंची गल्लत हेच त्या जुन्या वादाचे मूळ होते.

श्रोते हो, हा भेद केवळ शास्त्रीय बारकावा वाटेल. परंतु १९४८ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत लायसेन्को यांनी स्टालिनच्या संमतीने जनुकशास्त्र हे भांडवलशाहीचे थोतांड असल्याचे जाहीर केले, तेव्हा याच गल्लतीला राजसत्तेचे बळ मिळाले. परिस्थिती बदलली की पिकांची आनुवंशिकता हवी तशी वळविता येते, असा त्यांचा दावा होता. निकोलाय वाव्हिलोव्ह हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ त्यापूर्वीच, १९४३ साली, सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले होते. आता प्रयोगशाळा बंद झाल्या, अध्यापक पदच्युत झाले. पॅरिसमध्ये कवी लुई आरागाँ यांच्यासारख्यांनी लायसेन्कोंची बाजू घेतली. मोनो स्वतः युद्धकाळात कम्युनिस्ट पक्षात होते. युद्धानंतर ते दूर झाले. 'काँबा' या प्रतिकार-चळवळीतून जन्मलेल्या वृत्तपत्रात त्यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये लायसेन्कोंवर घणाघाती लेख लिहिला. माझ्या मते, पुढील बारा वर्षांच्या त्यांच्या प्रयोगांतील चिकाटी या लेखाशिवाय नीट उमगत नाही. उपाशी जंतू नवे एंझाइम का बनवितो, याचे उत्तर चुकले असते तर ते केवळ चुकीचे उत्तर ठरले नसते. ज्यांनी वाव्हिलोव्हना तुरुंगात घातले, त्यांच्या हाती ते एक साधन गेले असते.

१९५० च्या सुमारास मोनो आणि अमेरिकेतून आलेले मेल्व्हिन कोन यांनी दुग्धशर्करेशी रूपसाधर्म्य असलेली अनेक कृत्रिम द्रव्ये जंतूंना देऊन पाहिली. निकाल विलक्षण होता. काही द्रव्ये जंतूला मुळीच पचत नव्हती, तरी ती दिसताच जंतू एंझाइम तयार करू लागे. उलट काही द्रव्ये त्या एंझाइमाने सहज तुटत, पण त्यांच्या दर्शनाने एंझाइम निर्माण होत नसे. भक्ष्यच जर साचा असते तर असे घडले नसते. चेतावणी देणे वेगळे आणि पचणे वेगळे.

राहिला प्रश्न अर्धवट प्रथिनाचा. १९५५ साली हॉग्नेस, कोन आणि मोनो यांनी जंतूंना किरणोत्सर्गी गंधक खाऊ घातले, त्यामुळे त्यांच्या सर्व प्रथिनांवर खूण उमटली. मग त्यांना साध्या अन्नात हलवून दुग्धशर्करेसारखे चेतक द्रव्य दिले. नव्याने निघालेल्या एंझाइमात खुणेचे गंधक जवळजवळ नव्हते. म्हणजे ते जुन्या प्रथिनाला वळण देऊन बनलेले नव्हते, ॲमिनो अम्लांपासून सर्वस्वी नवे घडविले होते. आपल्या दाखल्यात तेवढी दुरुस्ती करावयास हवी. माळ्यावर पुरणयंत्र नसते, पुरणयंत्राचा आराखडा असतो. प्रसंग आला की आराखड्याबरहुकूम यंत्र नवे घडविले जाते, आणि एकदा घडू लागले की त्याचे प्रमाण हजारपट वाढते.

पण आराखडा उघडतो कोण? येथे फ्रान्स्वा झाकोब यांचा प्रवेश होतो. शल्यविशारद व्हावयाचे म्हणून ते वैद्यकी शिकत होते. १९४० च्या जूनमध्ये ते द गॉल यांच्या सैन्यात गेले, आफ्रिकेत लढले, आणि १९४४ साली नॉर्मंडीत इतके जबर जखमी झाले की शस्त्रक्रियेचा व्यवसाय त्यांना कायमचा अशक्य झाला. १९५० मध्ये ते ल्वॉफ यांच्याकडे आले. एली व्होलमान यांच्यासह त्यांनी जंतूंच्या मीलनाचा अभ्यास केला. काही जंतू आपली जनुके एका सूत्राच्या रूपाने दुसऱ्या जंतूत ठराविक क्रमाने सोडतात. मीलन चालू असता मिश्रण स्वयंपाकघरातील मिक्सरमध्ये घुसळले की जोडपी विलग होतात आणि कोणते जनुक किती मिनिटांत आत गेले ते मोजता येते.

१९५७ साली कॅलिफोर्नियाहून आर्थर पार्डी एका वर्षासाठी पॅरिसला आले, आणि तिघांनी मिळून एक प्रयोग केला. काही उत्परिवर्तित जंतू दुग्धशर्करा नसतानाही एंझाइम अखंड बनवीत असत. मोनो यांची तोवरची कल्पना अशी होती की, हे जंतू आतल्या आत एखादे चेतक द्रव्य तयार करीत असावेत. आता एंझाइमाचे चांगले जनुक आणि नियंत्रणाचे चांगले जनुक, ही दोन्ही, ज्याच्यात ती दोन्ही बिघडलेली होती अशा जंतूत मीलनाने सोडली. दुग्धशर्करा दिली नाही. तरीही काही मिनिटांतच एंझाइम भराभर बनू लागले. आणि तास-दीड तास लोटल्यावर बनणे थांबले. दुग्धशर्करेसारखे द्रव्य घालताच पुन्हा सुरू झाले.

याचा अर्थ मोनो यांच्या कल्पनेच्या अगदी उलट होता. नियंत्रणाचे चांगले जनुक काहीतरी बनवीत होते. ते साठावयास थोडा वेळ लागत होता. आणि साठले की ते एंझाइमाचे काम बंद पाडीत होते. चेतक द्रव्य कामाला प्रेरणा देत नव्हते. ते फक्त कुलूप काढीत होते. हंगेरीत जन्मलेले पदार्थवैज्ञानिक लिओ सिलार्ड यांनी अशी शक्यता याच सुमारास मोनो यांच्यापुढे मांडली होती, आणि त्यांचे ऋण मोनो यांनी नोबेल व्याख्यानात मोकळेपणाने मान्य केले. स्वतः झाकोब यांना पुढचा दुवा १९५८ च्या उन्हाळ्यात, पत्नीसह चित्रपट पाहत असता, सुचला: विषाणूंची जनुके जंतूत निद्रिस्त राहतात तो प्रकार आणि हे कुलूप, ही एकाच तत्त्वाची दोन रूपे. चित्रपट कसला होता हे कोणाच्या लक्षात राहिले नाही, यात आश्चर्य नाही.

१९६१ साली दोघांचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. शेजारी शेजारी असलेली काही जनुके एकाच कळीने चालू वा बंद होतात. त्या समूहाला त्यांनी ओपेरॉन म्हटले. निरोधक प्रथिन कळीपाशी बसून वाट अडविते; दुग्धशर्करेचा अंश त्याला चिकटला की ते सुटून बाजूला होते. ल्वॉफ, झाकोब आणि मोनो यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळेपर्यंत निरोधक कोणी पाहिलेला नव्हता. १९६६ मध्ये हार्वर्ड येथे वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढला. एका जंतूत त्याचे सुमारे दहाच रेणू असतात.

तरीही १९४० च्या रेषेचा निम्मा अर्थ शिल्लकच होता. दुग्धशर्करा समोर असताना जंतू प्रथम द्राक्षशर्कराच का खातो? कुलपाच्या सिद्धांतात याला उत्तर नव्हते. १९६५ साली अमेरिकेत मॅकमन आणि सदरलँड यांना ई. कोलायमध्ये 'चक्रीय ए. एम. पी.' हे लहानसे द्रव्य आढळले. द्राक्षशर्करा असताना ते कमी, ती संपली की अधिक. पाश्चर संस्थेत आग्नेस उलमन या हंगेरियन संशोधिका होत्या; १९६० साली मोनो यांनी आखलेल्या बेतानुसार त्या पतीसह हंगेरीतून लपून निसटल्या होत्या. १९६८ मध्ये उलमन व मोनो यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत पर्लमन व पास्तान यांनी, दाखविले की हे द्रव्य बाहेरून घातले तर द्राक्षशर्करा असूनही जंतू दुसऱ्या शर्करेचे एंझाइम बनवितो. ते द्रव्य म्हणजे उपवासाची वर्दी होती. एका प्रथिनाशी जोडी जमवून ते जनुकांपाशी बसते आणि वाचनाला हात देते. अशा रीतीने निरोधक सुटला पाहिजे, आणि वर्दीही पोहोचली पाहिजे. दोन्ही जमले तरच काम जोरात चालते. पुढे यातही दुरुस्ती झाली. द्राक्षशर्करा आत येत असते तोवर दुग्धशर्करेला पेशीत घेणारे द्वारच अडवून धरलेले असते, आणि द्विवृद्धीत या अडवणुकीचा वाटा फार मोठा आहे, असे जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये दाखविले.

दुसऱ्या उपासांचेही असेच हिशेब लागत गेले. फॉस्फेट संपले की जंतू ते इतर द्रव्यांतून तोडून घेणारे एंझाइम भरमसाट बनवितो, हे १९५९-६० मध्ये जपानमध्ये आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी आढळले. ॲमिनो अम्लांचा तुटवडा पडला की प्रथिने बनविणारी यंत्रणाच वाढविणे तो थांबवितो. या काटकसरीचा हुकूम देणारे द्रव्य कॅशेल आणि गॅलंट यांना १९६९ साली छायाचित्राच्या फिल्मवर एक अनपेक्षित ठिपका म्हणून दिसले. त्यांनी त्याला जादूचा ठिपका असेच नाव दिले.

हा ठिपका २००६ साली मोनो यांच्या जुन्या प्रयोगात परत आला. द्राक्षशर्करा आणि दुग्धशर्करा तीच, जंतूही तोच. यावेळी फक्त दर थोड्या वेळाने जंतूच्या हजारो जनुकांपैकी कोणती वाचली जात आहेत हे मोजण्याची सोय होती. बाहेरून रेषा निश्चल दिसते त्या अवधीत आत सर्वांत मोठी उलथापालथ चाललेली आढळली. शेकडो जनुके मिटत होती, इतर शेकडो उघडत होती. आणि हा जादूचा ठिपका नीट बनवू न शकणाऱ्या जंतूंना दुसऱ्या शर्करेकडे वळावयास अधिक वेळ लागत होता.